सोडा पाव, आयरिश

सोडा पाव, आयरिश : गव्हाचे पीठ, मीठ, खाण्याचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) आणि आंबट ताक या चार घटकांपासून केला जाणारा आयर्लंडमधील घरगुती पाव. नेहमीच्या पावात पीठ फुगविण्याचे काम यीस्ट हे सूक्ष्म कवक करते. सोडा पावात ते काम सोडा व ताकातील लॅक्टिक अम्ल यांच्या विक्रियेतून मुक्त होणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायू करतो. त्यामुळे पीठ आंबण्याची वाट पहावी लागत नाही व सामग्री एकत्र केल्यापासून सु. एका तासात पाव तयार होतो. पारंपरिक पाव गोल, जाड व खडबडीत कवचाचा असून त्याच्या माथ्यावर फुलीच्या आकाराची खोल चीर असते. त्याचा गर दाट, ओलसर व किंचित आंबट असतो. त्यात साखर, अंडी किंवा यीस्ट नसते.

हा पाव फार प्राचीन असल्याचा समज आयर्लंडच्या बाहेर, आणि काही अंशी आयर्लंडमध्येही, प्रचलित आहे. वस्तुतः त्याचा इतिहास सु. दोन शतकांचाच आहे. मऊ गहू, भट्टी नसलेली घरे, लोणी काढल्यावर उरणारे ताक आणि रासायनिक कारखान्यांतून येऊ लागलेला स्वस्त सोडा या चार गोष्टी एकोणिसाव्या शतकात एकत्र आल्या व त्यांतून सोडा पाव निर्माण झाला. ग्रामीण कुटुंबाच्या गरजेला औद्योगिक रसायनाची जोड मिळून एखादा पदार्थ अल्पावधीत राष्ट्रीय परंपरा कसा बनतो, याचे हा पाव एक चांगले उदाहरण आहे.

पार्श्वभूमी : आयर्लंडचे हवामान थंड, दमट व ढगाळ असते. अशा हवामानात पिकणारा गहू बहुधा मऊ जातीचा असून त्याच्या पिठात प्रथिनांचे प्रमाण ८ ते १० टक्क्यांच्या आसपास असते. यीस्टने फुगविलेल्या पावासाठी १२ ते १४ टक्के प्रथिने असलेले ‘कणखर’ पीठ अधिक योग्य ठरते. पीठ मळताना त्यातील प्रथिनांपासून ग्लुटेन नावाचे चिवट व लवचिक जाळे तयार होते आणि यीस्टपासून कित्येक तास हळूहळू निर्माण होणारा वायू हे जाळे धरून ठेवते. मऊ गव्हाच्या पिठातील ग्लुटेन दुर्बल असल्याने त्यात वायू फार काळ टिकत नाही व पाव बसका होतो [→ गहू, यीस्ट]. तथापि वायू एकदम व जलद निर्माण झाला आणि पाव लगेच भाजला, तर हेच पीठ उत्तम ठरते. त्यात चिवटपणा नसल्याने पाव खुसखुशीत होतो. यीस्टच्या पावाच्या दृष्टीने असलेली पिठाची उणीव सोडा पावात अशा रीतीने गुण बनते.

एकोणिसाव्या शतकापूर्वी आयरिश ग्रामीण आहारात ओट व बार्ली यांच्या सपाट भाकऱ्या, लापशी आणि दुग्धपदार्थ यांना प्रमुख स्थान होते. या भाकऱ्या तव्यावर किंवा विस्तवासमोर भाजत. गव्हाचा फुगविलेला पाव मुख्यतः शहरांत व सधन घरांत मिळे. त्यासाठी बिअर तयार करताना वर येणारा यीस्टयुक्त फेस वापरीत. अठराव्या शतकात बटाट्याचा प्रसार झाला व गरीब कुटुंबांचा आहार बटाटे आणि ताक यांवर अवलंबून राहू लागला. लोणी विकून खंड व इतर देणी भागवावी लागत. ताक मात्र घरात उरे. कॉर्क येथे १७७० मध्ये स्थापन झालेली लोण्याची बाजारपेठ पुढे जगातील मोठ्या लोणी-बाजारांपैकी एक बनली. या लोणी-व्यापाराच्या मागे घरोघरी उरणारे ताकच पुढे सोडा पावाचा आवश्यक घटक ठरले.

इतिहास : अल्कधर्मी क्षाराने पीठ फुगविण्याची कल्पना मूळची आयर्लंडमधील नाही. उत्तर अमेरिकेत लाकडाच्या राखेपासून काढलेले शुद्ध पोटॅश आंबट दुधाबरोबर किंवा काकवीबरोबर वापरीत. अमेलिया सिमन्स या लेखिकेच्या १७९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन पाककृतींच्या पुस्तकात या क्षाराचा उपयोग सांगितलेला आहे. फ्रान्समध्ये निकॉला लब्लांक यांनी मिठापासून धुण्याचा सोडा तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंट १७९१ मध्ये घेतले. बर्लिन येथील औषधिशास्त्रज्ञ व्हॅलेंटीन रोझ यांनी १८०१ मध्ये सोडियम बायकार्बोनेट तयार केले. लब्लांक पद्धतीचे कारखाने ब्रिटनमध्ये वाढल्यावर सोडा स्वस्त झाला. १८६० नंतरच्या दशकात एर्नेस्ट सॉल्व्हे यांची अमोनिया-सोडा पद्धत यशस्वी झाली व तो आणखी स्वस्त झाला [→ सोडियम]. अमेरिकेत जॉन ड्वाइट व ऑस्टिन चर्च यांनी १८४६ मध्ये खाण्याच्या सोड्याचा धंदा सुरू केला. इंग्लंडमध्ये ॲल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली आणि ब्रिस्टल येथील हेन्री जोन्स यांनी १८४५ मध्ये आपोआप फुगणाऱ्या पिठाचे पेटंट घेतले. यावरून त्या काळी यीस्टला पर्याय शोधण्याचे प्रयत्न किती जोराने चालू होते, हे लक्षात येते.

आयरिश सोडा पावाच्या सर्वांत जुन्या ज्ञात छापील कृतींपैकी एक १८३६ ची आहे. डाउन परगण्याच्या सीमेवरील न्यूरी गावातील एका वृत्तपत्रातून ती लंडनच्या फार्मर्स मॅगझीन या नियतकालिकाने त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये उद्धृत केली होती. म्हणजेच मोठ्या दुष्काळापूर्वी हा पाव निदान उत्तर आयर्लंडमध्ये माहीत होता. तो दुष्काळातून जन्मला, ही समजूत त्यामुळे ग्राह्य धरता येत नाही. त्याच्या प्रसाराशी मात्र दुष्काळाचा निकटचा संबंध आहे. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा रोग पडला आणि पुढील काही वर्षे पीक पुनःपुन्हा बुडाले. १८५२ पर्यंत सु. दहा लाख लोक मृत्युमुखी पडले व किमान तितक्याच लोकांनी देश सोडला. १८४१ च्या जनगणनेत सु. ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सु. ६५.५ लाख झाली [→ आयर्लंड]. एकाच पिकावर विसंबून राहण्याचे परिणाम अनुभवल्यानंतर वाचलेल्यांचा आहार बदलू लागला. प्रथम अमेरिकेतून आयात केलेल्या मक्याचे पिवळे पीठ आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील स्वस्त गव्हाचे पीठ खेड्यांतील दुकानांत पोहोचले. त्याच दुकानांत चहा, साखर व सोडाही मिळू लागला. बटाटे आणि ताक यांच्या जोडीला पाव, लोणी व चहा हे नवे जेवण आले. सोडा पाव ही या नव्या जेवणातील रोजची वस्तू होती. पांढऱ्या पिठाच्या पावाला प्रतिष्ठा होती. तो रविवारी किंवा पाहुण्यांसाठी करीत. जाड्याभरड्या पिठाचा तपकिरी पाव हे रोजचे अन्न असे. पुढील काळात आरोग्यविषयक कल्पना बदलल्या आणि हा मान उलट तपकिरी पावाकडे गेला.

साधने व भाजण्याची जुनी पद्धत : आयरिश ग्रामीण घरात भट्टी क्वचितच असे. घराच्या मध्यवर्ती चुलाण्यात पीट (दलदलीत साचलेल्या वनस्पतींपासून बनलेले व वाळवून जाळण्यात येणारे इंधन) सतत धुमसत राही आणि त्यावरच सर्व स्वयंपाक होई. चुलाण्याच्या बाजूला उभ्या केलेल्या फिरत्या लोखंडी दांड्यावर भांडे टांगीत. दांडा फिरवून किंवा साखळीची लांबी बदलून आच कमीजास्त करता येई. पावासाठी ‘बॅस्टिबल’ हे तीन पायांचे, सपाट तळाचे व बसक्या झाकणाचे ओतीव लोखंडी भांडे वापरीत. ज्या इंग्लिश गावाहून अशी भांडी येत, त्या डेव्हन परगण्यातील बार्नस्टपलच्या नावावरून हा शब्द आला, असे मानले जाते. पिठाचा गोळा भांड्यात ठेवून झाकण लावीत व झाकणावर पीटचे निखारे रचीत. अशा रीतीने खालून व वरून उष्णता मिळून भांड्याचीच लहानशी भट्टी होई. कोकणात धोंडसासारखे पदार्थ खाली-वर विस्तव ठेवून भाजण्याची जी जुनी रीत आहे, तिचे तत्त्व हेच होय. बंद भांड्यात पिठातील वाफ कोंडली जाते. तिच्यामुळे कवच लवकर कठीण होत नाही व पावाला फुगण्यास अवधी मिळतो.

उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात सपाट तव्यावर पाव भाजण्याची पद्धत अधिक रूढ आहे. पिठाची जाड चकती करून तिचे चार तुकडे करतात. अशा तुकड्याला ‘फार्ल’ म्हणतात. ‘चतुर्थांश’ या अर्थाच्या जुन्या स्कॉट शब्दावरून ते नाव आले आहे. हे काम घरातील स्त्रियांचे असे व ते बहुधा रोज करावे लागे. मुली आईचे काम पाहून ते शिकत. पीठ ओंजळीने, सोडा चिमटीने व ताक अंदाजाने घेतले जाई. ताकाचा आंबटपणा ऋतूप्रमाणे बदलत असल्याने लेखी प्रमाणापेक्षा चव व हाताचा अनुभव यांवरच भिस्त ठेवावी लागे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लॉरेन्स अर्विन या पाककला-शिक्षिकेने अल्स्टरमधील गावोगाव फिरून गृहिणींना शिकविले व त्यांच्या कृतीही टिपून घेतल्या. द कुकिन वूमन (१९४९) हे त्यांचे पुस्तक या घरगुती ज्ञानाचा महत्त्वाचा संग्रह मानले जाते. १९४६ पासून आयर्लंडच्या ग्रामीण भागाचे विद्युतीकरण सुरू झाले आणि पुढील काही दशकांत चुलाण्याची जागा बंद शेगड्या व विजेच्या ओव्हनांनी घेतली. बॅस्टिबल मागे पडले, तरी पावाचा गोल आकार व वरची फुली कायम राहिली.

फुगण्याचे रसायनशास्त्र : सोडियम बायकार्बोनेट हा सौम्य अल्कधर्मी पदार्थ आहे. ओलावा मिळताच त्याची ताकातील लॅक्टिक अम्लाशी विक्रिया होऊन सोडियम लॅक्टेट, पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड ही द्रव्ये तयार होतात. वजनाच्या हिशेबाने ८४ भाग सोड्याच्या उदासिनीकरणासाठी ९० भाग लॅक्टिक अम्ल लागते. घट्ट आंबट ताकात साधारणपणे ०.७ ते ०.८ टक्के लॅक्टिक अम्ल असते. म्हणजे ४०० मिलि. ताकात ते सु. ३ ग्रॅ. भरते आणि त्याने जवळजवळ तितक्याच सोड्याचे उदासिनीकरण होते. ३ ग्रॅ. सोड्यापासून नेहमीच्या तापमानास सु. ८५० मिलि. वायू मुक्त होतो. त्याचा काही भाग निसटतो व काही पाण्यात विरघळतो. उरलेला वायू पिठातील बारीक पोकळ्यांत अडकतो व उष्णतेने प्रसरण पावून पाव फुगवितो.

एका पावास नेहमी वापरला जाणारा सपाट चहाचा चमचा सोडा ४.५ ते ५ ग्रॅ. भरतो, म्हणजेच तो वरील हिशेबापेक्षा थोडा जास्त असतो. जादा सोड्यापैकी काही भाग ताकातील व पिठातील फॉस्फेटे आणि प्रथिने यांच्याशी विक्रिया करतो. उरलेल्या सोड्याचे भट्टीच्या उष्णतेने अपघटन होते व त्यातून आणखी वायू मुक्त होऊन सोडियम कार्बोनेट मागे राहते. पावाचा रंग गडद होण्यास ही किंचित अल्कधर्मी स्थिती साहाय्यक ठरते व पावाला त्याची खास चव देते. मात्र सोडा आणखी वाढल्यास हेच कार्बोनेट साबणासारखी चव व पिवळसर-हिरवट डाग निर्माण करते. सोडा कमी पडल्यास पाव बसका व आंबट होतो. पावाचे यश या अम्ल-अल्कली समतोलावर अवलंबून असते.

यीस्ट व सोडा यांतील दुसरा महत्त्वाचा फरक काळाचा आहे. यीस्ट अनेक तास वायू निर्माण करीत राहते. सोड्याची विक्रिया मात्र ताक पिठात पडताक्षणी सुरू होते व बराचसा वायू पहिल्या काही मिनिटांतच बाहेर पडतो. म्हणून भट्टी आधीच तापवून ठेवणे, पीठ झटपट एकत्र करणे व ते लगेच भट्टीत घालणे हे सोडा पावाचे तीन मूलभूत नियम होत. मळण्याने दुहेरी नुकसान होते : वायू निघून जातो आणि ग्लुटेनचे जाळे घट्ट झाल्याने पाव चिवट होतो. भट्टीत ६०° ते ८०° से. तापमानाच्या दरम्यान पिठातील स्टार्च पाणी शोषून फुगतो व प्रथिने साखळतात. त्यामुळे फुगलेला आकार कायम होतो.

घरगुती कृती : एका पावासाठी पुढील प्रमाण घेतात : पांढरे पीठ (मैदा) ४५० ग्रॅ., मीठ एक सपाट चहाचा चमचा, खाण्याचा सोडा एक सपाट चहाचा चमचा आणि घट्ट आंबट ताक ३५० ते ४०० मिलि. तपकिरी पावासाठी निम्मा मैदा व निम्मे कोंड्यासह दळलेले जाडसर गव्हाचे पीठ घेतात.

प्रथम भट्टी २३०° से.पर्यंत तापवितात. सोड्याच्या गुठळ्या तळहातावर चोळून मोडतात व तो मीठ आणि पीठ यांच्याबरोबर चाळून घेतात. पसरट परातीत पिठाच्या मध्यभागी खळगा करून त्यात बहुतेक सर्व ताक एकदम ओततात. हाताची बोटे ताठ व पसरलेली ठेवून मध्यापासून कडेकडे वर्तुळाकार फिरवितात आणि पीठ ओलावून घेतात. हे काम अर्ध्या-एका मिनिटात संपावयास हवे. पीठ मऊ असावे, परंतु वाहते नसावे; कोरडे वाटल्यास उरलेले ताक घालतात. नंतर पीठ भुरभुरलेल्या पाटावर गोळा काढून हलक्या हाताने गोल करतात व सु. ४ सेंमी. जाडीपर्यंत दाबतात. धारदार सुरीने काठापासून काठापर्यंत खोल फुली देतात आणि पाव लगेच भट्टीत ठेवतात. पंधरा मिनिटांनी तापमान २००° से. करून आणखी २५ ते ३० मिनिटे भाजतात. पाव उलटा करून तळावर टिचकी मारल्यास पोकळ आवाज आला, म्हणजे तो झाला असे समजतात. कुरकुरीत कवच हवे असल्यास पाव जाळीवर उघडा ठेवून थंड करतात. मऊ कवच हवे असल्यास स्वच्छ फडक्यात गुंडाळतात. गरम असताना कापल्यास गर चिकट लागतो.

फुली देण्यामागे व्यावहारिक कारणे आहेत. जाड गोळ्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचते, कवच वाटेल तसे न फुटता ठरलेल्या रेषेत उघडते व पावाचे चार भाग सहज मोडता येतात. लोकसमजुतीप्रमाणे फुलीमुळे पावाला क्रुसाचा आशीर्वाद मिळतो, दुष्ट शक्ती दूर राहतात किंवा पावातील पऱ्या बाहेर पडतात. चारही भागांच्या मध्यावर सुरीच्या टोकाने टोचण्याची चालही याच समजुतीतून आली आहे.

तव्यावरील फार्लसाठी हेच पीठ १ ते १.५ सेंमी. जाड थापून त्याचे चार तुकडे करतात. जाड तव्यावर कोरडे पीठ भुरभुरून मंद आचेवर प्रत्येक बाजू आठ ते दहा मिनिटे भाजतात. शेवटी तुकडे कडेवर उभे करून कडाही शेकतात. भट्टीची सोय नसलेल्या घरात ही पद्धत विशेष सोयीची आहे.

भारतातील सामग्री : दही घुसळून लोणी काढल्यावर उरणारे भारतीय ताक हे आयर्लंडमधील जुन्या घरगुती ताकाच्या जवळचे आहे. हल्ली पाश्चात्त्य देशांत याच नावाने विकला जाणारा पदार्थ मात्र कमी चरबीच्या दुधाला जीवाणूंचे विरजण लावून तयार केलेला असतो. पिण्यासाठी पाणी घालून पातळ केलेल्या ताकात अम्लाचे प्रमाण कमी असल्याने ते या पावास चालत नाही. घट्ट ताक किंवा थोडे दूध घालून सैल केलेले आंबट दही वापरणे योग्य ठरते. ताक नसल्यास ४०० मिलि. दुधात सु. ३० मिलि. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून दहा मिनिटे ठेवतात. भारतीय मैदा सोडा पावास मानवतो. चक्कीवरील कणीक मात्र अधिक पाणी शोषते; ती वापरल्यास ताक थोडे वाढवावे लागते. पापडखार किंवा धुण्याचा सोडा हे तीव्र अल्कधर्मी असल्याने खाण्याच्या सोड्याऐवजी कधीही वापरू नयेत. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर कोरडे अम्लही असते. ती सोड्याऐवजी घातल्यास ताकातील अम्ल शिल्लक राहून पाव आंबट होतो.

सामान्य दोष व त्यांची कारणे : पाव दगडासारखा जड झाल्यास पीठ जास्त मळले गेलेले, कोरडे राहिलेले किंवा भट्टीबाहेर फार वेळ ठेवलेले असते. सोडा जुना व ओलसर असल्यासही तो फुगत नाही. चिमूटभर सोड्यावर व्हिनेगर टाकून जोराने फेस येतो की नाही, हे पाहून त्याची परीक्षा घेता येते. गरातील पिवळे डाग हे सोड्याच्या गुठळ्यांचे लक्षण होय. कवच करपून मध्यभाग कच्चा राहिल्यास गोळा फार जाड, चीर उथळ किंवा आच फार प्रखर असते.

प्रकार व नावे : आयर्लंडच्या वेगवेगळ्या भागांत एकच नाव भिन्न पावांना लावले जाते. दक्षिणेत सोडा पाव म्हणजे मुख्यतः भट्टीतील गोल पाव. ग्रामीण बोलीत त्याला गोड नसतानाही ‘केक’ म्हणतात. उत्तरेत सोडा पाव म्हटल्यावर बहुधा तव्यावरील पांढरे फार्ल अभिप्रेत असते व भट्टीतील तपकिरी पावास ‘व्हीटन’ पाव म्हणतात. फार्ल आडवे चिरून डुकराच्या मांसाचे काप व अंडी यांबरोबर तळतात. अल्स्टरच्या प्रसिद्ध न्याहारीचा तो अविभाज्य भाग आहे. मनुका व थोडी साखर घातलेल्या पावास ‘स्पॉटेड डॉग’ (ठिपक्यांचा कुत्रा) किंवा ‘रेल्वे केक’ अशी गमतीची नावे आहेत. मक्याचे पिवळे पीठ किंवा ओट घालूनही हा पाव करतात.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आयरिश लोकांनी हा पाव बरोबर नेला. तेथे लोणी, अंडी व साखर सहज मिळत असल्याने त्याचे रूप हळूहळू बदलले. मनुका व शहाजिरे यांच्या जवळचे कॅरवे बी घातलेला, केकसारखा गोड पाव तेथे १७ मार्चच्या सेंट पॅट्रिकच्या सणाला घरोघरी होतो. तो आयर्लंडमधील रोजच्या पावाहून वेगळा आहे. मात्र स्थलांतरितांच्या स्मृती व समृद्धी यांतून घडलेली ती स्वतंत्र परंपराच होय. स्कॉटलंडमधील सोडा घातलेले बॅनक व स्कोन आणि ऑस्ट्रेलियातील शेकोटीवर भाजला जाणारा डँपर हे सोडा पावाचे जवळचे नातलग आहेत.

पोषण व टिकाऊपणा : पोषणाच्या दृष्टीने सोडा पाव हा मुख्यतः कर्बोदकांचा स्रोत असून ताकामुळे त्यात प्रथिने व कॅल्शियम यांची भर पडते. तपकिरी पावात तंतू व खनिजे अधिक असतात. तथापि दीर्घ काळ आंबविण्याची क्रिया नसल्याने कोंड्यातील फायटिक अम्लाचे विघटन फारसे होत नाही व लोह-जस्तासारखी खनिजे शरीराला तुलनेने कमी मिळतात. अल्कधर्मी स्थितीत थायामीन (ब१ जीवनसत्त्व) काही प्रमाणात नाश पावते. सोडियमचे प्रमाणही लक्षात घेण्यासारखे आहे. वरील कृतीतील सु. ५ ग्रॅ. सोड्यातून १.४ ग्रॅ. व तितक्याच मिठातून सु. २ ग्रॅ. सोडियम पावात येते. पावाचे बारा काप केल्यास प्रत्येक कापात सु. ०.२८ ग्रॅ. सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दररोज २ ग्रॅ.पेक्षा कमी सोडियमची शिफारस केलेली असल्याने रक्तदाबाच्या रुग्णांनी हा पाव बेताने खाणे श्रेयस्कर ठरते. यीस्ट नसले, तरी या पावात ग्लुटेन असतेच. ग्लुटेन न सोसणाऱ्यांना तो वर्ज्य आहे.

सोडा पाव लवकर शिळा होतो. त्यात स्निग्ध पदार्थ व साखर नसल्याने दुसऱ्या दिवशी तो कोरडा लागतो व शेकून किंवा तळून खावा लागतो. ताजा पाव खारट लोण्याबरोबर, मुरंब्याबरोबर, रश्श्याबरोबर अथवा धुरावलेल्या सामन माशाबरोबर खातात.

सद्यःस्थिती : आयर्लंडमध्ये सोडा पाव आज बेकऱ्यांत व मोठ्या दुकानांत तयार मिळतो आणि केवळ ताक घालून भाजावयाची तयार पिठेही विकली जातात. घरी पाव करणे ही गरज राहिलेली नाही. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशी अन्नाविषयीची आस्था वाढली. कॉर्क परगण्यातील बॅलीमलू येथे मर्टल ॲलन यांनी १९६४ मध्ये आपल्या राहत्या घरात उपाहारगृह सुरू करून आयरिश शेतातील ताज्या मालावर आधारलेल्या साध्या स्वयंपाकाला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याच परिसरात १९८३ मध्ये स्थापन झालेल्या पाकशाळेत सोडा पाव हा प्रारंभिक पाठांपैकी एक आहे. एकेकाळी गरिबीची खूण मानला जाणारा तपकिरी पाव आता उत्तम उपाहारगृहांतही अभिमानाने वाढला जातो. असे असले, तरी त्याचे मूळ स्वरूप बदललेले नाही : चार घटक, थोडा वेळ व हलका हात यांवरच तो आजही अवलंबून आहे.